दाराकडचं अर्धं दुकान

प्रिय राजा,

आई तुला राजा म्हणायची, म्हणून मीही म्हणते. माझ्या मनाने नाव ठेवायचं असतं तर दुसरं काही सुचलं असतं. तुझे फोन पोचले, फळांची करंडीही पोचली. फळं चांगली होती, शेजारच्या मुलांनी खाल्ली. फोनवर तू म्हणालास, "दुकानाचं काय ते लवकर सांगून टाक ताई, उगाच ताणू नकोस, थोडं कॉम्प्रमाइज करून मोकळी हो." मोकळी व्हायला मी कुठे अडकले होते? अडकवलंस तू. मामाच्या घरी, त्याच्या समोर, तू आणि तुझी बायको दोघांनी कबूल केलंत की बाबांचं चष्म्याचं दुकान पुढे कोणाकडे राहील ते मी ठरवायचं, आणि मी ठरवेन ते दोघांनी मानायचं. मामाला आता एकाच कानाने ऐकू येतं, पण त्या कानाने त्याने सगळं नीट ऐकलंय.

तुमचं भांडण मी मला समजलं तसं मांडते. दुकान बाबांनी तुमच्या दोघांच्या नावावर करून ठेवलं, मुलगा आणि सून. मुलीचं नाव घालायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. तुला आता चष्म्यांचा कंटाळा आलाय. काउंटर, काचेची कपाटं आणि रस्त्याकडचं दार एवढा भाग तुला मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने द्यायचाय. मागची खोली, जिथे काचा घासायचं मशीन आहे, ती बायकोला. अर्धं तुझं, अर्धं तिचं, भांडण मिटलं. ती म्हणते चष्म्याचं दुकान अर्धं चालत नाही, तिला ते अख्खं हवंय. यात काही चुकलं असेल तर मामाला विचार.

आता त्या 'कॉम्प्रमाइज' शब्दाबद्दल. जन्मभर मुलींना इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले, तेव्हा शब्दाची उलटतपासणी करायचा एवढा हक्क मला आहे. आमच्या कॉन्व्हेंटात इंग्रजी शिकवणाऱ्या सिस्टर फार कडक होत्या. एखादा शब्द आम्ही सैल वापरला की त्या पट्टी हातात घ्यायच्या. मारायच्या नाहीत, नुसती घ्यायच्या, तेवढं पुरायचं. त्यांनी सांगितलं होतं की हा शब्द लॅटिनमधला. भांडणाऱ्या दोघांनी मिळून वचन द्यायचं की तिसरा माणूस जो निवाडा करेल तो आम्ही पाळू, हा त्याचा मूळ अर्थ. पुढे त्याचा अर्थ झाला दोघांनी थोडं थोडं सोडणं. त्याच्याही पुढे, एखादी गोष्ट आतून कमजोर करणं, एखाद्याची अब्रू धोक्यात घालणं. असा फिरत फिरत तो आपल्या घरी आला आणि इथे त्याला आणखी एक अर्थ मिळाला, ताईने सोडणं.

आपल्या घराला एकट्याला दोष देत नाही. कान उघडे ठेवून ऐक, सगळीकडे हेच चाललंय. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस गळका नळ तसाच ठेवून म्हणतो, थोडं कॉम्प्रमाइज करावं लागेल बाई. काय सोडलं त्याने? काही नाही, भिजायचं मी. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलाची आई आपल्या आईला म्हणाली की उंचीच्या बाबतीत आम्ही कॉम्प्रमाइज करायला तयार आहोत. मुलगा माझ्या खांद्याला लागत होता. मी म्हटलं, मी कुठून कापून घेऊ तेवढं सांगा. ते लग्न मोडलं, आणि घरी महिनाभर सगळे माझ्यावर तोंड फुगवून होते. तू हसला होतास. ते हसू मी विसरले नाही, हे तुला आजवर सांगायचं राहिलं होतं.

आपली लहानपणची खोली आठव. कपाट आडवं लावून तिचे दोन भाग केले, तेव्हा कपाट हलवायला बाबांबरोबर मीच होते. तुझ्या भागात खिडकी आली, कारण तुला खोकला होता. माझ्या भागात भिंत आली, कारण मला खोकला नव्हता. दिवसाढवळ्या दिवा लावून मी अभ्यास केला आणि त्यावर आई पाहुण्यांना सांगायची, दोघं कशी समजूतदार आहेत. दोघं! समजूतदारपणा एकीचा, कौतुक जोडीने.

पण खोलीसाठी मी एवढं लांबलचक पत्र लिहिलं नसतं. दुकानासाठी लिहितेय. कॉलेज सुटलं की मी थेट दुकानात जायचे, तू मैदानावर. फ्रेम गरम करून कानामागे वाकवणं, काच घासताना पाण्याची धार किती ठेवायची, गिऱ्हाईक खोटं बोलून डोळे तपासायच्या पाटीवरची खालची ओळ पाठ म्हणत असेल तर कसं ओळखायचं, हे सगळं बाबांनी मला शिकवलं. त्यांचा एक नियम होता. डोळ्याचं अंतर मोजायचं ते नाकाच्या मधोमधपासून, उजव्याचं वेगळं, डाव्याचं वेगळं. कोणाचंही नाक अगदी मधोमध नसतं, बाबा म्हणायचे, आणि काचेचा मध्य बरोबर बुबुळासमोर आला नाही तर माणसाचं डोकं दुखतं आणि तो दोष नशिबाला देतो.

मग बाबांचे हात थरथरायला लागले, आणि तू इंजिनिअरिंग अर्धवट सोडून घरी आलास. रात्रीची जेवणं झाल्यावर तू आणि बाबा दोघांनी मला बसवून सांगितलंत की दुकान राजा बघेल, तू शाळेत नोकरी धर, पण दुकानात तुझा शब्द राहील. कॉम्प्रमाइज. माझा शब्द राहिला तो असा, की मी काही सांगायला लागले की तू रेडिओ मोठा करायचास. आणि काय केलंस दुकानाचं? एका बुबुळापासून दुसऱ्या बुबुळापर्यंत एकदा पट्टी लावायची आणि आलेल्या आकड्याचे दोन सारखे भाग करायचे. वेळ वाचतो म्हणालास. शाळेतल्या आमच्या चित्रकलेच्या बाई तुझ्याकडून चष्मा करून घेऊन आल्या आणि आठवडाभर डोकं धरून बसल्या. त्यांना तू सांगितलंस, होईल सवय, सुरुवातीला थोडं कॉम्प्रमाइज करावं लागतं. बाईंनी आपल्या डोळ्यांनी नेमकं कोणाशी कॉम्प्रमाइज करायचं होतं, राजा? तुझ्या घाईशी?

तुझं लग्न झालं आणि ती आली. खरं सांगते, मला ती पहिल्यांदा आवडली नाही. फटकळ आहे, माझ्यासारखीच, आणि एका घरात तशा दोघी म्हणजे जरा जास्तच. पण तिने परत आलेले चष्मे टेबलावर मांडले, प्रत्येकाचं अंतर नव्याने मोजलं, आणि आईसमोर तुला विचारलं की तुम्ही लोकांची तोंडं मोजता की कापड. त्या दिवसापासून मी तिच्या बाजूची आहे. दुकान तिने वर काढलं. तू काउंटरवर बसलास, लोकांना फ्रेम छान दिसते म्हणालास, ते काम तुला चांगलं जमतं, नाही म्हणत नाही.

निर्णयाआधी मी स्वतः जाऊन बघायचं ठरवलं. परवा दुपारी दुकानात गेले, तू नव्हतास. जमिनीवर तू खडूने रेघ मारून ठेवली आहेस. मामाकडे वचन दिलंस, माझा निर्णय यायचा आहे, आणि तुझी रेघ मारून झाली? कव्हरवाला टेप घेऊन आला होता, कपाटं कुठे हलवायची ते बघत होता. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. म्हणाला, "मालकांनी सांगितलंय, त्यांची बहीण हो म्हणणारच आहे, घरचीच आहे." मागच्या खोलीत जायला त्या रेघेवरून, कव्हरांच्या ढिगातून वाट काढत जावं लागणार. डोळे अधू झालेली म्हातारी माणसं ती वाट कशी काढणार, हे तुला सुचलं नाही. किंवा सुचलं असेल.

तुझी बायको मशीनवर होती. उठली नाही. म्हणाली, "बसा ताई, आलाच आहात तर डोळे तपासते. आणि आधीच सांगते, निकाल माझ्या बाजूने दिलात तरी सवलत नाही." दुकानाबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. ना गाऱ्हाणं, ना डोळ्यांत पाणी, ना फळांची करंडी. माझं अंतर मोजताना म्हणाली, "तुमचं नाक डावीकडे झुकलंय." एवढ्या वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, लोक माझ्या नाकाबद्दल बोलतात, पण ते नेहमी वर असतं म्हणून. ती हसली आणि पुन्हा मशीनकडे वळली. निघताना मीच न राहवून विचारलं, तुला काहीच सांगायचं नाही का? तर म्हणाली, "तुम्ही ठरवाल ते मानेन म्हणून बोलले आहे ना. मग आता तुमच्या मागे लागले तर त्या बोलण्याला काय अर्थ?" तिला लॅटिन येत नाही. सिस्टर असत्या तर त्यांनी पट्टी खाली ठेवली असती.

शेवटच्या फोनवर तू म्हणालास की निर्णय तोंडी नको, लेखी दे, म्हणजे तिच्यासमोर धरता येईल. वर म्हणालास, "शेवटी तू माझी बहीण आहेस." म्हणून हे पत्र. दुकान तिचं, अख्खं, दारासकट, काउंटरसकट आणि बाबांच्या नावाच्या पाटीसकट. तुझं नाव कागदांवरून काढायला तू स्वतः जायचं आहेस. हे पत्र तिच्यासमोर जरूर धर. याची एक प्रत तिच्याकडे आणि एक मामाकडे कालच गेली आहे, त्यामुळे हरवलं म्हणायची सोय नाही. लोक म्हणतील ताईने न्याय केला, मामा तर आत्ताच म्हणतोय. तू तसं समजू नकोस. न्याय असता तर मला इतकी शांत झोप लागली नसती. हा सूड आहे, राजा, आणि माझं नशीब बघ, तो घ्यायला मला एक शब्दही खोटा लिहावा लागला नाही.

जन्मापासून तुझीच, आणि म्हणूनच तुला पुरती ओळखणारी,

ताई