संक्रांतीची आग आणि आमच्या अवरेकाईचे वेल

३ जानेवारी
आज अवरेकाईची पहिली टोपली निघाली. मी सांगतेय ते सई लिहून घेतेय; लिहिता लिहिता म्हणते, "आज्जी, पावटा म्हणा ना." पुण्याहून नातसून आणली की एवढं सोसावं लागतं. टोपली थेट अंगणवाडीत गेली. अंगणवाडीच्या मागची मोकळी जागा आम्ही बायकांनी पावसाळ्यात खणली, तेव्हा गाव हसलं होतं. बेंगळुराबाहेर येलहंक्याच्या पुढं सगळे मळे विकून इमारती बांधतायत आणि या म्हाताऱ्या माती उकरतायत! आता तीच पोरं चिप्सचे पुडे सोडून नाचणीचे रागीमुद्दे नि सोप्पूचं, म्हणजे पालेभाजीचं, सारू ओरपतात. आमच्यातल्या रत्नम्माची नात तर आज परत वाढा म्हणाली. त्या पोरीच्या ताटावर आजवर माशाच जेवायच्या.

५ जानेवारी
मुनियप्पा आला. संक्रांतीला गावची गुरं त्याच्याच हुकमाने किच्चुच्या आगीवरून उड्या मारतात.
"अज्जी, वेल कधी काढताय? किच्चु इथंच पेटतो ना."
मी खुरपं खाली ठेवलं. खरंच की! दर संक्रांतीला गवत पेटतं ते याच जागी. सजवलेली गुरं त्यावरून पळतात, आणि मी बाजूला उभी राहून तीळगूळ चघळते. खणताना एकीलाही आठवू नये? माती मऊ लागली आणि सगळ्या सुटल्या.
म्हटलं, "आग स्वल्प सरकवा की."
"आजोबांपासून जागा हीच."
गुरं घुसली तर एक वेल उरायचा नाही. वेलांचं एक वेळ जाऊ दे. बायका पुन्हा कुदळीला हात लावायच्या नाहीत. मग पोरं परत पुड्यांवर.

६ जानेवारी
सगळ्या जमल्या. रत्नम्मा डोळे पुसत म्हणाली, "सण मोठा, अक्का. काढून टाकू."
सई म्हणते, ऑनलाइन सह्या गोळा करू.
कर म्हटलं. बैलाला वाचून दाखव.
(हे खोडू नकोस गं. लिही.)

१० जानेवारी
मुनियप्पाला निरोप धाडला होता, वेल काढायच्या आधी एकदा बैल आणून बघा. आज आणला. काय तो रुबाब! शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं. मळ्यात शिरला, थांबला आणि जेवायलाच बसला की. मुनियप्पा ओढतोय, ओरडतोय, शेपूट पिळतोय. बैल शेंगा खातोय. मी पदर तोंडाला लावून खोकले.
"अहो आवरा, ओल्या वेलांनी पोट फुगेल त्याचं."
"वेल उपटले की झालं!"
"उपटा. खालची माती कोण चोपणार? एवढी खणलीय आम्ही."
त्याने पाय दाबून बघितला. घोट्यापर्यंत गेला. पळत्या गुराचा पाय इथं मोडणार, हे त्याला सांगायला मी कशाला हवी?
पायाची माती झटकली. मग "सरी, बघू दुसरी जागा," म्हणाला आणि बैल ओढत निघाला. बैल काही निघेना.

१५ जानेवारी, संक्रांत
किच्चु तळ्याच्या कोरड्या काठावर पेटला! गुरं अशी उडाली की बस्स. तिथून अख्खा गाव जेवायला मळ्यात. सोललेल्या अवरेकाईचं सारू, रागीमुद्दे, आमच्याच भोपळ्याची भाजी. घास मोजून खाणारी सई दोन मुद्दे खाऊन बसली. (लाजतेस काय, लिही.) रत्नम्मा पदर खोचून वाढत होती आणि तिची नात तिच्या मागून "अजून घ्या, अजून घ्या" करत फिरत होती.
मुनियप्पा तोंडात घास ठेवूनच म्हणाला, "या वर्षापुरतंच हं, अज्जी."
"हो हो. आधी गिळा."

१८ जानेवारी
शेवग्याच्या फांद्या रोवल्या. बरोब्बर आग पेटायची तिथं. पुढच्या संक्रांतीपर्यंत डोक्यावर जातील.
मुनियप्पा हात मागं बांधून आला. "हे काय?"
"नुग्गे. पाला पोरांना चांगला."
"ते कळतंय मला." गावाच्या सभेत विषय काढतो म्हणाला.
काढू दे. संध्याकाळी त्याची बायको आली. कोणाशी न बोलता एकेका फांदीला आळं केलं, घागरीने पाणी घातलं, पदराला हात पुसले आणि गेली.
सभेत तो बोलतो. घरी ती बोलते.