स्पर्धेत गेलेले डोके परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा कौशल्य शिक्षण अधिकारी,
कोक-जार जिल्हा, किर्गिझस्तान

विषय : केशरचना स्पर्धेत 'फेरवापराचे साधन' ठरलेला आमचा मेंढा दिवंगत यजमानांच्या वर्षदिनाच्या जेवणासाठी मोकळा करण्याबाबत.

संदर्भ : मेंढ्याच्या कानातील आपला बिल्ला.

महोदय,

मी सायराकान तोकतोनालियेवा, राहणार तोर-बुलाक, दिवंगत मेंढपाळ जुमादिल यांची पत्नी, सविनय कळविते की, यंदाची कौशल्य स्पर्धा पर्यावरणस्नेही करायची ठरल्याने केशरचनेसाठीची प्लास्टिकची डोकी बंद झाली. हे चांगलेच झाले. गेल्या वर्षीची डोकी अजून नदीकाठी पडून आहेत आणि ती पाहून आमच्या गायी पान्हा चोरतात. तंत्रशाळेने आपल्याकडे 'नैसर्गिक केसांची, पुन्हा वापरता येणारी डोकी' मागितली. आपल्याला ठाऊकच आहे, माणसाच्या डोक्यालाही आपण 'बाश' म्हणतो आणि जनावरे मोजतो तीही 'बाश' म्हणूनच. कागद पशुविभागात गेला आणि पशुविभागाने आमचा मेंढा नेला. स्पर्धा संपताच परत देऊ म्हणाले, म्हणून मी दिला.

स्पर्धेच्या जागी कोणीही चूक काढली नाही, कारण केस नैसर्गिक होते आणि कापले तरी पुन्हा उगवणारे होते. बुरुल नावाच्या विद्यार्थिनीने मेंढ्याला नववधूच्या वेण्या घातल्या. वीज वाचावी म्हणून त्याला डोंगरवाऱ्यात उभे करून वाळवले. शेजारी पुष्परचनेची स्पर्धा चालू होती. तेथील सगळा पालापाचोळा आणि पहिल्या क्रमांकाची पुष्परचना मेंढ्याने खाल्ली. परीक्षकांनी 'कचरा शून्य' असा शेरा मारून सुवर्णपदक मेंढ्याच्या गळ्यात घातले आणि मुलीची प्रमाणपत्रावर बोळवण केली. ती फार रडली. मला तिचे वाईट वाटले.

मेंढा परत आला तो बिल्ला घेऊनच. पुढच्या स्पर्धेपर्यंत त्याला कापल्यास सरकारी साधनाची नासधूस समजली जाईल, तसेच वेण्या मोडतील म्हणून त्याला चरायला सोडू नये, असा हुकूम आहे. त्यामुळे तो बैठकीच्या खोलीत असतो आणि दारापासून लांब वारा लागत नाही म्हणून मानाच्या गालिच्यावर बसतो. आमचे थोरले दीर एसेनबाय आले, त्यांना दाराशी बसावे लागले. ते म्हणाले, "सायराकान, तू जुमादिलचं जेवण घालतेयस की याचं लग्न लावतेयस?"

येत्या शुक्रवारी यजमानांना जाऊन वर्ष होईल. पाहुणे खिंडीपलीकडून निघालेसुद्धा. मेंढ्याचे डोके थोरल्या पाहुण्यापुढे ठेवल्याशिवाय आणि त्याने त्याचा कान कापून घरातल्या पोराला दिल्याशिवाय ते जेवण होत नाही आणि तोवर मृताला नीट निरोप दिला असे आमच्यात कोणी मानत नाही. दुसरा मेंढा नाही, आणि उरलेल्या मेंढ्या गाभण आहेत. आपल्या कार्यालयातील बाई म्हणाल्या, "आजी, प्लास्टिकची डोकी शिल्लक आहेत ना, त्यातलं एक ठेवा ताटात. फेरवापरही होईल." सरकारचे ऐकावे म्हणून मी एक आणून, धुऊन, ताटात ठेवूनही पाहिले. एसेनबायांनी सुरी हातात घेतली, ते डोके फिरवून पाहिले आणि म्हणाले, "आणि याचा कान कापून कुठल्या पोराला देऊ?"

तरी बिल्ला शुक्रवारपूर्वी काढून घ्यावा ही विनंती. ते नियमात बसत नसेल तर आपण बदली डोके द्यावे. कार्यालयात एखादे न वापरलेले असेलच, असे गावाचे मत आहे.

जेवण पुढच्या स्पर्धेनंतर घाला, असे आपण तोंडी कळविले आहे. यजमान हयातभर आपल्या कार्यालयाच्या दाराबाहेरच्या बाकावर बसले आणि "साहेब कामात असतील" म्हणत उठून आले. आता आणखी थांबा, हे सांगायला मी काल त्यांच्या कबरीपाशी गेले होते. माझ्याच्याने ते सांगवले नाही. ते आपण येऊन सांगावे. वाट चढाची आहे, मी सोबत येईन.

शुक्रवारच्या आत उत्तराची वाट पाहणारी,
सायराकान तोकतोनालियेवा
तोर-बुलाक, सोमवार

सोबत : जेवणाचे आमंत्रण, आपल्या नावे.