गोचिडांबद्दल तुम्ही म्हणाला होतात ते

आबा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि गेला महिनाभर मी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलतेय. म्हणून आज लिहूनच काढते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले एक काका त्यांची नऊ वर्षांची कुत्री घेऊन माझ्या दवाखान्यात आले. सकाळी नीट जेवलेली, दुपारी एकाएकी कोसळली, हिरड्या पांढऱ्याफटक. प्लीहेवरची गाठ फुटून पोटात रक्त साचलं होतं. मी ऑपरेशन केलं, प्लीहा काढली, ती उठून चाललीसुद्धा. पण तपासणीत रक्तवाहिन्यांचा कॅन्सर निघाला आणि सात आठवड्यांत ती गेली. काकांनी विचारलं, "मॅडम, आमचं काय चुकलं?" मी म्हणाले, "काही नाही काका, वयानं होतं हे."

मग काही दिवसांनी वाचनात आलं, की अशा गाठी झालेल्या बऱ्याच कुत्र्यांच्या शरीरात एक जिवाणू सापडतो. पिसवांमधून, बहुधा गोचिडांमधूनही रक्तात शिरतो आणि मुकाट राहतो. गाठ त्याच्यामुळेच होते की तो नुसताच तिथं असतो, हे अजून कुणालाच नक्की माहीत नाही. ते वाचतेय आणि मी एकदम निफाडच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात उभी आहे. तुम्ही तिथले मलमपट्टी करणारे ड्रेसर, मी तुमची लेक, व्हेटर्नरी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीत आलेली. एका द्राक्षबागायतदाराच्या कुत्र्याच्या कानातले गोचीड तुम्ही चिमट्यानं काढून रॉकेलच्या वाटीत टाकताय आणि त्याला सांगताय, "लय माजू देऊ नका. असे गोचीड झालेल्या कुत्र्यांच्या पोटात रक्ताच्या गाठी पाह्यल्यात मी." मी पटकन म्हणाले, "आबा, काहीही काय सांगता? त्याचा काय संबंध?" तो माणूस हसला. तुम्ही चिमटा धुतलात. "मी पाह्यलं ते सांगितलं. कारण मला नाय माहीत." त्यानंतर माझ्यासमोर तुम्ही कुणालाच काही समजावलं नाहीत.

मग तुम्ही बरोबर होतात का? दोन-चार कुत्री पाहून तसंही म्हणता येत नाही. पण मी तरी कुठे बरोबर होते? मला काही कळेना. शेवटी काकांना बोलावून घेतलं. गेलेल्या कुत्रीची लेक त्यांच्याकडे आहे, तिलाही आणायला सांगितलं आणि वाचलेलं सगळं त्यांच्यापुढे मांडलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे मागच्या पावसाळ्यात गोचिडांचं औषध राहून गेलं, त्यानं झालं?"

"तसं म्हणता येत नाही, काका."

"त्यानं नाही झालं, असं म्हणता येतं?"

"नाही."

"मग मला हे सांगितलंत कशाला, मॅडम?"

"हिच्यासाठी," मी म्हणाले. त्या लेकीला औषध लावलं, सोनोग्राफी केली. पोटात काही नव्हतं, तरी मी पुन्हा पुन्हा पाहत राहिले. जाताना काका नेहमीसारखं "येतो" म्हणाले नाहीत.

आबा, हा कागद कुठे पाठवणार, इथेच राहील. पण काकांना मी पुरतं खरं सांगितलं नाही. त्यांना बोलावलं ते फक्त त्या कुत्रीसाठी नव्हतं. मला माहीत नाही, हे मला कुणापुढे तरी म्हणायचं होतं, आणि तुम्ही नव्हतात.