कडा छाटू नयेत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्रेसष्ट, अविवाहित, एका संशोधन प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं ऊतींचे काप काढणारी तंत्रज्ञ, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदय तेवढं नाही. ते तीस टक्क्यांवर चालतं असं डॉक्टर म्हणतात, पण कायद्याला डोकं पुरतं. माझ्यावर कोणीही दडपण आणलेलं नाही. उलट या कागदाने मीच एका मुलीवर दडपण आणते आहे आणि ते मी इथे कबूल करते.

ती मुलगी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची लेक, वय एकतीस. घरात सगळे तिला ठकू म्हणतात. चार वर्षांची होती तेव्हापासून मी तिला वाढवलं. तिला चौदा महिन्यांची मुलगी आहे. त्या पोरीचं अंगावरचं दूध तिने चार महिन्यांपूर्वी तोडलं. आता तिच्या डाव्या स्तनात गाठ आहे आणि ती दाखवायला जात नाही. घरादाराचं कलमवार पुढे येईलच, पण हा कागद कशासाठी लिहिला ते आधी सांगितलेलं बरं.

शेजारच्या वकीलबाईंनी मसुदा पाहून दिला. त्या म्हणाल्या, "मावशी, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात." मी म्हटलं, तसं केलं तर वरातीमागून घोडं. तेव्हा माझी पहिली इच्छा अशी की हा कागद ठकूने माझ्या हयातीत, माझ्या शेजारी बसून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. मध्येच मिटून पर्समध्ये टाकू नये. मी तिला ओळखून आहे.

कलम एक. तिसऱ्या मजल्यावरचं माझं दोन खोल्यांचं घर, आतल्या सामानासह, मी ठकूला देते. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरवल्याशिवाय बंद होत नाही आणि खिडकीची डावी काच जोरात लावायची नाही, हे तिला माहीत आहे. या कलमाखाली चार ओळी खोडलेल्या दिसतील. तिथे मी अट घातली होती की तपासणी केल्याचा कागद दाखवल्यावरच घराचा ताबा मिळेल. रात्रभर त्या अटीवर मी खूश होते. सकाळी चहा घेताना कळलं की ठकू सरळ म्हणेल, ठेव तुझं घर तुझ्याजवळ. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, आणि पीळ तिला माझ्याच हातून मिळालाय. म्हणून अट खोडली. घर तिचं आहे, ती तपासायला गेली तरी तिचं, नाही गेली तरी तिचं. वकीलबाईंनी खोडलेल्या जागी माझी सही घेतली आहे.

कलम दोन. बँकेत जे काही असेल ते ठकूच्या मुलीच्या शिक्षणाला. त्यावर जास्त लिहीत नाही.

कलम तीन. ठकूचे वडील माझी बहीण गेल्यावर वर्षाच्या आत दुसरा संसार थाटून मोकळे झाले. त्यांची छत्री माझ्याकडे राहिली आहे. ती त्यांना परत द्यावी. दोन काड्या मोडल्या आहेत, त्या मी मोडलेल्या नाहीत. दुसरं काही त्यांना देण्यासारखं माझ्याकडे नाही आणि त्यांनीही कधी काही मागितलं नाही, पोरगीसुद्धा.

कलम चार. माझ्या हत्यारांच्या पेटीतली छाटणीची सुरी आमच्या सरांना, म्हणजे प्रयोगशाळेच्या जुन्या प्रमुखांना द्यावी. ते अजून आहेत, सकाळी फिरायला जातात, सगळ्यांना सल्ले देतात. सुरी का द्यायची ते मला नीट लिहायचं आहे, कारण सगळं तिथेच चुकलं.

आमचं काम उंदरांच्या माद्यांवर चालायचं. पिल्लं दूध प्यायची थांबली की आईच्या स्तनग्रंथीचं काय होतं, हा सरांचा विषय. पहिला दिवस, तिसरा, सहावा, दहावा, असे नमुने माझ्याकडे यायचे. ते मेणात बसवायचे, केसापेक्षा पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर पसरून काचेवर उचलायचे आणि रंगवायचे. आता ग्रंथीच्या भोवती चरबी असते, तंतू असतात, त्यात वसलेल्या इतर पेशी असतात. त्या सगळ्याला स्ट्रोमा म्हणतात. आम्ही त्याला भराव म्हणायचो. मेणात चरबी नीट मुरत नाही, काप फाटतो, सुरकुत्या पडतात, आणि सरांना फोटो कसा पाहिजे तर आरशासारखा. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "कडेचा भराव छाटून टाकत जा. आपल्याला दूध बनवणाऱ्या पेशी बघायच्या आहेत, गादीतला कापूस नाही." मी छाटायला लागले. अकरा वर्षं छाटत होते. माझ्या काचा इतक्या स्वच्छ असायच्या की दुसऱ्या प्रयोगशाळांतली माणसं बघायला यायची, आणि मी त्यावर फुलून जायची. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या काचांवर मला रोज काय दिसायचं? दूध बनवणाऱ्या पेशी मरतात, ग्रंथी आक्रसते, दहाव्या दिवशी सगळं शांत. पाहुणे गेल्यावर घर आवरलेलं असावं तसं. पण आवरणारे कोण, ते मला दिसत नव्हतं. त्यांना मीच कापून कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं.

कलम पाच. माझ्या बहिणीची हिरवी शाल ठकूला. शाल कपाटात वरच्या खणात आहे. आणि शालीबरोबर हेही तिला देते, जे मी तिला कधी धड सांगितलं नाही. तिला अर्धंमुर्धं कुठूनतरी कळलं, तेही माझ्याकडून नाही.

ठकू दीड वर्षाची होती. धाकटीने दूध तोडून तीन-चार महिने झाले होते. ती माझ्याकडे आली, याच स्वयंपाकघरात उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, इथे गाठ लागतेय बघ." मी हात लावून पाहिला. मी डॉक्टर नव्हते. पण घरात मान मला डॉक्टरचा होता, कारण मी पांढरा कोट घालायची. मी म्हटलं, "दुधाची गाठ आहे. जाईल. मी रोज बघते ना, दूध थांबलं की सगळं पूर्वपदावर येतं." ती म्हणाली, "नक्की?" मी म्हटलं, "दहाव्या दिवशी मागमूस राहत नाही." ती हसली. म्हणाली, "मी काय उंदीर आहे?" आणि गेली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. आठ महिने ती कोणाकडे गेली नाही. मग गेली तेव्हा उशीर झाला होता. ठकू चार वर्षांची असताना ती वारली.

मी तिला खोटं सांगितलं नव्हतं. जे पाहिलं होतं तेच सांगितलं. पण जे पाहिलं होतं त्याच्या कडा मी स्वतःच्या हाताने छाटल्या होत्या. सरांनी सांगितलं म्हणून छाटल्या, हे खरं, पण सुरी माझ्या हातात होती. सरांना सुरी पाठवताना हे वाक्य चिठ्ठीवर लिहून पाठवावं.

कलम सहा. माझा जुना सूक्ष्मदर्शक आणि काचांच्या तीन पेट्या आमच्या प्रयोगशाळेतल्या लांबीला. उंच म्हणून सगळे तिला लांबी म्हणायचे, ती नवीन संशोधक म्हणून आली तेव्हा ठकू सात वर्षांची होती. पहिल्याच दिवशी माझ्या शेजारी बसून म्हणाली, "मावशी, कडा छाटू नका. काप फाटले तरी चालतील." मी कुरकुरले. फाटके काप दाखवायची मला लाज वाटत होती. पण ठेवल्या कडा. सहाव्या दिवसाची काच लावली आणि बघतच राहिले. भराव म्हणून जो फेकत होते त्यात जत्रा भरली होती. मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी आल्या होत्या. तंतू विणणाऱ्या फायब्रोब्लास्टांनी नवे धागे टाकले होते. चरबीच्या पेशी पुन्हा फुगत होत्या. लांबी म्हणाली, "जखम भरताना हेच होतं. सहसा सगळं नीट भरतं. पण तिथे आधीच एखादी वाईट पेशी दबा धरून असेल, तर हीच डागडुजी तिला पोसते."

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. बाहेर आले तेव्हा तिने माझ्यासाठी पुढची काच लावून ठेवली होती. म्हणून सूक्ष्मदर्शक तिला.

कलम सात. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. त्यातून कोणी काही शिकायला घेतलं, तर माझी लेखी सूचना आहे की कडा छाटू नयेत.

कलम आठ. हे फक्त ठकूला.

तीन आठवड्यांपूर्वी नात तुझ्या अंगावर धावत आली आणि तू विव्हळलीस. मी विचारलं. तू म्हणालीस, "काही नाही, दुधाची गाठ आहे, जाईल." ठकू, शब्दसुद्धा तेच. मी तपासून घे म्हटल्यावर तू पातेलं आदळलंस आणि म्हणालीस, "आईलाही तूच सांगितलं होतंस ना? तेव्हा तुझं ऐकून आई गेली. मी तुझं ऐकणार नाही." जावयाला मध्ये घातलं तर तो म्हणाला, "मावशी, ती माझंही ऐकत नाही, झोपेत मात्र दचकते." तेव्हा मला कळलं की तू रागावलेली नाहीस, घाबरलेली आहेस. लहानपणी इंजेक्शनच्या दिवशीही तू असंच भांडण उकरून काढायचीस.

तर माझं ऐकू नकोस. मी म्हणत नाही की ते वाईट आहे. मला माहीत नाही. दूध तोडल्यावर येणाऱ्या बहुतेक गाठी साध्या निघतात, तुझीही निघेल अशी मी दिवसातून शंभर वेळा आशा करते. मी नुसत्या हाताने चाचपून सांगायला गेले त्याचं काय झालं ते आपण दोघी भोगतोय. मी एवढंच म्हणते की यावेळी कोणीतरी यंत्र लावून, कडांसकट, नीट बघू दे. माझ्यावर राग ठेव, जन्मभर ठेव, मी तो मृत्युपत्रात तुझ्या नावे करून देते. पण तो राग धरायला तू असायला हवीस ना गं. माझ्यात आता दुसऱ्यांदा तुझ्या आईला पोचवायची ताकद नाही. मी हात जोडते. कायद्याच्या कागदात हात जोडता येत नाहीत असं वकीलबाई म्हणाल्या, पण मी जोडते.

हे मृत्युपत्र माझं पहिलं आणि शेवटचं. खोडाखोड माझीच आहे.

साक्षीदार:
एक, शेजारच्या वकीलबाई, समोरच्या बाकावर बसल्या आहेत.
दोन, इथे नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या बाई. त्यांनी ओळख नसताना हो म्हटलं.

सही: मावशी

स्थळ: सोनोग्राफी केंद्राची बाहेरची खोली, पंख्याखालच्या दोन खुर्च्या. तुला वाटतंय की तू माझ्या हृदयाच्या तपासणीला सोबत आली आहेस.

दिनांक: चौदा मार्च, सकाळचे पावणेअकरा. मागच्या पानाला जी चिठ्ठी टाचली आहे तिच्यावर अकरा नंबर आहे आणि नाव तुझं आहे. आत्ताच दहा नंबर आत गेला. नात माझ्याकडे दे आणि ऊठ.