एक माणूस कमी

सोमवार, मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजानंतर

आज इथे आखातात, सित्राच्या कारखान्याच्या गेटवर कामगारांची बस अडवली. बरोबर केलं का? अजून तेच डोक्यात आहे.

सकाळी बेचाळीस माणसं आत गेली, संध्याकाळी बसमध्ये एकेचाळीस. रजेवर गेलेला कायमचा गार्ड संध्याकाळी न मोजताच सकाळचा आकडा रजिस्टरमध्ये उतरवायचा, हे आज कळलं. मी त्याच्या जागी पंधरा दिवसांचा रिलीव्हर, म्हणजे बदली गार्ड. पुन्हा मोजलं. एकेचाळीसच. ड्रायव्हर बशीर ओरडला, "यल्ला, चलो चाचा! मुर्गियाँ गिन रहे हो क्या?" सगळी बस हसली.

वीस मिनिटांनी कळलं, बेचाळिसावा माणूस, एक वेल्डर, ताप आला म्हणून दुपारीच मागच्या गेटने खोलीवर गेला होता. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

सुपरवायझर जोशीसाहेबांनी बाजूला घेतलं. "काका, तुम्हाला इथे पर्मनंट करायचं माझ्या मनात आहे. पण बस अडवणं चालणार नाही. आकडा लिहा आणि मोकळे व्हा."

सहा वर्षं रिलीव्हर आहे. दर महिन्याला नवं गेट. कायम व्हावंसं मला वाटत नाही का?

पण तो वेल्डर तापाने एखाद्या टाकीमागे पडून राहिला असता तर? न मोजता सही करणं म्हणजे खोटी साक्षच. ती घेऊन अल्लाहपुढे कसा उभा राहू?

उद्या जोशीसाहेबांना स्पष्ट सांगेन. माणसं चढायच्या आधीच बसच्या दाराशी जाऊन उभा राहीन, चढतील तशी मोजीन, म्हणजे उशीर होणार नाही. पण एक जरी कमी भरला, तर बस हलणार नाही.