माळ्यावरचा नंदी

२० जुलै, सकाळ
आजपासून जिम. कारण कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहितो. बाबा पौषात गेले. आता तान्हा पोळा येतोय, पोरांनी लाकडी नंदी मिरवायचा सण. आजोबांनी करून घेतलेला सागवानी नंदी, तांदळाच्या भरल्या कट्ट्याइतका जड, माझ्या मुग्धासाठी माळ्यावरून उतरवायचा आहे. बाबा आम्हा पोरांना अंगणात पाठवून दार लावत. दार उघडलं की नंदी खाली, बाबा पंख्याखाली आणि आई चहा टाकायला गेलेली. एकहाती काम. आई म्हणाली, बाजूच्या शालिकरामले बोलव, काहून हट्ट करून राहिला गा. नाही म्हटलं. मनोहररावांचा मुलगा आहे मी.

२३ जुलै
ट्रेनर वैभवी मॅडमनी थिअरी सांगितली. डंबेल वर नेताना दंडाचा स्नायू आखडतो, ते कॉन्सेंट्रिक. खाली आणताना तोच स्नायू लांबत लांबत वजन सांभाळतो, ते इसेंट्रिक. नुसतं धरून ठेवलं तर लांबी तीच, पण मेहनत चालूच, आयसोमेट्रिक. माझं डंबेल धपकन खाली येतं म्हणे, हळू आणा. खाली तर पृथ्वीच ओढते. तिचं काम मी का करू? ताकद वर नेण्यासाठी राखायची, ठरलं.

२ ऑगस्ट
जिमच्या आरशात बाबा दिसले. तीच मान, तसेच आवळलेले ओठ. लाइट कमी असावा. जागा बदलली.
घरी हॉलच्या माळ्यावरून नंदी बघतो. कवड्यांचे डोळे, हॉलमध्ये कुठेही बसा, नजर माझ्यावरच. त्याच्या तोंडावर बाबांचा दुपट्टा टाकला. भीती नाही. धूळ बसते.

१२ ऑगस्ट
दंड वाढला, शर्ट तंग. बायको म्हणते, धुऊन आटला. दुपट्ट्याखालूनही बघतो तो. हल्ली मी स्वयंपाकघरात जेवतो. तिथे पंखा नाही, पण पोळी गरम मिळते.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा
सगळ्यांना अंगणात पाठवलं, दार लावलं, स्टुलावर चढलो. नंदी अलगद उचलला. छाती फुगली. मग लक्षात आलं की नंदी तर आधीपासून वरच होता. आणायचा होता खाली, आणि त्याचीच प्रॅक्टिस नव्हती.
खाली येईना, परत वर जाईना. छातीशी धरून थरथरत उभा. दुपट्टा घसरला. त्या कवड्या माझ्या डोळ्यांसमोर. भ्यालो, सरळ लिहितो. तोंडातून ‘बाबा’ निघालं.
आणि खालून दोन हात नंदीच्या पोटाला लागले. अंगावर काटा आला.
आई होती. बाहेर गेलीच नव्हती. म्हणाली, थे बी इथंच अडकत होते, दरवर्षी. कोणाले सांगू नको म्हणत. सोड हळूहळू, मी आहो.

२४ ऑगस्ट
हात वाकत नाहीत. चहा बशीत ओतून, मान खाली घालून प्यायलो.
आईला म्हटलं, नंदी वर मी एकटा चढवतो, वर न्यायचीच तर तयारी आहे. ती म्हणाली, राहू दे आता खालीच. माझेही हात थकले गा. त्याले एकट्याले वर काहून ठेवाचं.
केवळ तिच्या समाधानासाठी हो म्हटलं. नंदी बाबांच्या खुर्चीशेजारी ठेवला आहे. दुपट्टा आई घेऊन गेली. आज हॉलमध्ये जेवलो.