एकाच बादलीत

सांगली, गुरुवार, १९७६

आज शिरवळच्या कारखान्यातून धाकट्या भावजींनी आणखी सामान पाठवलं: काचेचं कापड दोन वार, चिकट रसायनाचा एक डबा. मिळून अडतीस रुपये. डबा अजून फोडलेला नाही.

टॅक्सीच्या इंजिनाला बाहेरची गार हवा मिळावी म्हणून हे परसात ह्याच कापडाची पेटी करताहेत. “आगं, घाटात गाडीला धाप लागती. गार हवा मिळू दे, मग बघ.” रविवारी ह्यांनी अर्धी झालेली पेटी घासली. धुळीनं पांढरा झालेला त्यांचा सदरा मी सासूबाईंच्या चादरीबरोबर एकाच बादलीत धुतला. तेवढाच साबण वाचेल म्हणून.

अंगावरून वारं गेल्यापासून सासूबाईंना बोलता येत नाही, हात हलत नाही. रविवारपासून डोळ्यांतून सारखं पाणी. मला वाटलं, विट्याच्या लेकीची आठवण येत असेल. उशाशी बसून पोथी वाचत राहिले, आणि त्या त्याच चादरीवर.

आज चादर बदलताना माझ्याच हातात कुसळं शिरली. उन्हात धरली तर चकाकली. काच. त्यांची पाठ सोलल्यासारखी लाल.

“आई, टोचत होतं का?” त्यांनी डोळे मिटले. मिटले म्हणजे हो.

ह्यांना सांगितलं. “तरीच माझं अंग खाजत होतं,” म्हणाले आणि खाली बसले.

एकाच बादलीत. देवा, मला कसं सुचलं नाही?

डॉक्टरांनी मलम दिलं, काचेचं त्यांनाही ठाऊक नाही. भावजींना कार्ड लिहिलं: तुमच्या कारखान्यात अंगात शिरलेली काच कशी काढतात? आईंना पाठ टेकवत नाही. उलट टपाली कळवा.